परक्यांच्या यादवीतला नागपूरकर

एकाच देशातली माणसे एकमेकांवर तुटून पडली की इंग्रज त्याला 'सिव्हिल वॉर' म्हणतो. आपण 'यादवी' म्हणतो. मला आपला शब्द अधिक खरा वाटतो. प्रभासक्षेत्री यादव जमले, मद्य प्याले, शब्दाने शब्द वाढला आणि समुद्रकाठचे लव्हाळे उपटून ते एकमेकांना मारू लागले. त्या लव्हाळ्यांची मुसळे झाली, असे मौसलपर्व सांगते. शत्रू बाहेरून आला नव्हता आणि शस्त्रही दुरून आणावे लागले नव्हते. ते हातापाशीच उगवले होते. यादवीचे सारे मर्म या एका कथेत आले आहे.

मराठ्यांच्या इतिहासातली एक मोठी यादवी तर ऐन दिवाळीत झाली. २५ ऑक्टोबर १८०२ हा दिवाळीचा दिवस. त्या दिवशी पुण्याबाहेर हडपसरजवळ यशवंतराव होळकरांची फौज एका बाजूस आणि शिंदे व पेशवे यांची दुसऱ्या बाजूस, अशी लढाई जुंपली. होळकरांच्या भावाला, विठोजीला, आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. त्याचा सल यशवंतरावांच्या मनात होता. होळकर जिंकले, दुसरे बाजीराव पळाले, कोकणात उतरले आणि अखेर वसईस जाऊन ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसले. मी राहतो त्या भिवंडीची कामवारी नदी ज्या खाडीला मिळते, तिच्याच मुखाशी ही वसई आहे. दिवाळीत घरातल्या घरात सुरू झालेले भांडण दोन महिन्यांत परक्याच्या दारी मिटवावे लागले, आणि पुढे सोळा वर्षांत राज्यच गेले. यादवीत जिंकणारा कोण असतो, हे आपल्याला निराळे शिकण्याची गरज नाही.

पण आज मला लिहायचे आहे ते परक्यांच्या यादवीविषयी. दूरदेशी दोन भाऊ भांडत असतील, तर आपल्याला त्याचे काय? या प्रश्नाला आपल्या मुलखाने दोन वेळा दोन निराळी उत्तरे दिली.

पहिले उत्तर कापसाचे. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांचे युद्ध पेटले. दक्षिणेची बंदरे अडवली गेली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि त्यांनी मुंबईकडे तोंड वळवले. खानदेश-वऱ्हाडचा आणि गुजराथचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. मुंबईत रोज नवी बँक आणि रोज नवी कंपनी निघू लागली. बॅक बे भरून काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर चढला. प्रेमचंद रायचंद यांचे नाव घराघरांत पोचले. त्यांनी त्याच काळात दिलेल्या देणगीतून पुढे विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आल्याची बातमी आली, कापसाचे भाव कोसळले, आणि जुलै उजाडेतो अर्धी मुंबई दिवाळखोर झाली होती. दुसऱ्यांच्या घरची आग आपल्या चुलीला उपयोगी पडली, एवढाच त्या यादवीशी आपला संबंध.

त्या युद्धात दोन्हीकडच्या सैन्यांत स्वयंसेवकांचा भरणा मोठा होता, आणि पलटणी राज्याराज्यांच्या नावाने उभ्या राहत. त्यांतली केंटकी राज्याची एक ब्रिगेड प्रसिद्ध आहे. केंटकी स्वतः उत्तरेकडे राहिले, पण तिथले काही हजार तरुण दक्षिणेसाठी लढायला बाहेर पडले. त्यांना युद्ध संपेपर्यंत घरी परत जाता येईना. ना राज्य त्यांचे, ना रसद घरची. म्हणून त्या ब्रिगेडला 'अनाथ ब्रिगेड' असेच नाव पडले. हजारोंनी गेलेले ते लोक अखेरीस काही शेकडेच उरले. त्यांच्या शौर्याविषयी शंका नाही. पण ज्या पक्षासाठी ते लढले, तो गुलामगिरी टिकवू पाहत होता. स्वेच्छेने जिवावर उदार होणे ही मोठी गोष्ट खरी, परंतु तेवढ्याने कार्य पवित्र होत नाही. हे पुढच्या हकिकतीसाठीही लक्षात ठेवावे.

दुसरे उत्तर एका माणसाचे. ते समजण्यासाठी आपल्याला स्पेनमध्ये जावे लागेल.

*

स्पेनमध्ये १९३१ साली राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. जमीनदार, धर्मपीठ आणि लष्कर एकीकडे, शेतमजूर, कामगार आणि नवशिक्षित दुसरीकडे, अशी ओढाताण चालू होती. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी विजयी झाली. पाच महिन्यांनी, १७ व १८ जुलै रोजी, सेनापतींनी बंड पुकारले. जनरल फ्रँको यांची फौज मोरोक्कोत होती. ती हिटलरच्या विमानांतून स्पेनमध्ये उतरली. मुसोलिनीने सैनिक व रणगाडे पाठविले. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मात्र कोणीही हस्तक्षेप करू नये असा करार पुढे केला. जर्मनी आणि इटली यांनीही त्यावर सह्या केल्या आणि सह्या वाळण्याच्या आत तो मोडला. सरकारी पक्षाला शस्त्रे मिळाली ती मुख्यतः रशियाकडून, आणि त्यांची किंमत पुढे निराळ्या रीतीने मोजावी लागली.

सरकारे हात बांधून बसली, तेव्हा माणसे निघाली. पन्नासांहून अधिक देशांतून सुमारे पस्तीस हजार स्वयंसेवक स्पेनला गेले. त्यांत खाणकामगार होते, विणकर होते, खलाशी, शिक्षक, कवी होते, आणि हिटलर-मुसोलिनीच्या राज्यांतून परागंदा झालेले जर्मन व इटालियन होते. त्यांच्या ज्या पलटणी झाल्या त्या 'आंतरराष्ट्रीय ब्रिगेड'. त्यांचे मुख्य ठाणे आल्बासेते या गावी.

इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी जानेवारी १९३७ च्या अखेरीस पंधरावी ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात इंग्रजांचे एक बटालियन होते; अमेरिकनांचे होते, त्याला लिंकनचे नाव; बाल्कन देशांतल्या लोकांचे होते, आणि फ्रेंच व बेल्जियन लोकांचेही होते. इंग्रजांच्या बटालियनला अधिकृत नाव दिले होते 'सकलातवाला बटालियन'. हे नाव वाचून मुंबईकराचे कान टवकारतील. शापुरजी सकलातवाला हे मुंबईचे पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे. इंग्लंडला जाऊन ते कम्युनिस्ट झाले आणि लंडनच्या बॅटरसी भागातून पार्लमेंटात निवडून गेले. जानेवारी १९३६ मध्ये ते वारले. ज्या साम्राज्याविरुद्ध ते जन्मभर बोलले, त्याच्या राजधानीतले कामगार त्यांचे नाव घेऊन रणात उतरले. शिपायांच्या तोंडी ते नाव फारसे बसले नाही, ते आपले 'ब्रिटिश बटालियन' म्हणत. पण कागदावर मुंबईचा माणूस राहिला.

या बटालियनची पहिली लढाई १२ फेब्रुवारी १९३७ रोजी हारामा नदीच्या खोऱ्यात झाली. माद्रिदहून व्हॅलेन्सियाला जाणारा रस्ता फ्रँकोच्या हाती जाऊ द्यायचा नव्हता. सुमारे सहाशे माणसे सकाळी टेकडीवर गेली. बहुतेकांनी बंदूक हातात धरून थोडेच आठवडे झाले होते. संध्याकाळी सव्वादोनशेच्या आसपास उरली. त्या टेकडीला त्यांनीच 'आत्महत्येची टेकडी' असे नाव ठेवले. पण रस्ता राहिला, आणि माद्रिद आणखी दोन वर्षे उभे राहिले.

जुलैमध्ये ब्रुनेतेची लढाई झाली. ऊन असे की बंदुकीची नळी हाताला पोळावी, आणि पाणी नाही. इंग्रजांचे तीनशेवर लोक गेले होते. अखेरीस जेमतेम चाळीस-बेचाळीस उभे होते. याच लढाईत लिंकन बटालियनचा नायक ऑलिव्हर लॉ पडला. हा अमेरिकन नीग्रो. गोऱ्या अमेरिकनांच्या पलटणीचे नेतृत्व काळ्या माणसाने करावे, ही गोष्ट अमेरिकेच्या स्वतःच्या सैन्यात त्या काळी घडली नसती. ती स्पेनच्या धुळीत घडली. केंटकीच्या अनाथ ब्रिगेडची आठवण मला येते ती इथे. पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकन स्वयंसेवक गुलामगिरीच्या बाजूने मेले होते. आता त्यांचीच नातवंडे-पतवंडे शोभतील अशी पोरे एका काळ्या नायकाच्या मागून चढाईला जात होती.

*

याच ब्रिगेडमध्ये १९३७ च्या ऑक्टोबरात 'जॉन स्मिथ' नावाचा एक मनुष्य दाखल झाला. हे नाव इंग्लंडात इतके सामान्य की त्यावर कोणी थांबून विचार करू नये. त्याचे खरे नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपूरकडचे लोक त्यांना बाळाजी हुद्दार म्हणून ओळखत.

हुद्दारांचा जन्म १९०२ चा. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या अगदी पहिल्या मंडळींपैकी ते एक. डॉ. हेडगेवार यांच्या विश्वासातले. १९२९ साली ते संघाचे सरकार्यवाह झाले. पण त्यांचा पिंड क्रांतिकारकाचा. १९३१ मध्ये बालाघाट येथे पडलेल्या सशस्त्र दरोड्याच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली आणि काही वर्षे तुरुंगात गेली. सुटल्यावर वृत्तपत्रविद्या शिकण्यासाठी ते लंडनला गेले. तेव्हाच्या लंडनमध्ये स्पेन हा विषय टाळता येण्याजोगा नव्हता. एप्रिल १९३७ मध्ये जर्मन विमानांनी गेर्निका हे गाव बाजाराच्या दिवशी जाळले होते. सभा होत होत्या, डबे फिरवून पैसे गोळा केले जात होते, आणि हारामाहून परतलेले लंगडे-थोटे तरुण व्यासपीठावर बसत होते.

जाण्याचा मार्ग सोपा नव्हता. दुसऱ्यांच्या युद्धात भरती होणे हा इंग्रजी कायद्याने गुन्हा, असे सरकारने १९३७ च्या आरंभी बजावले होते. म्हणून बहुतेक स्वयंसेवक शनिवार-रविवारच्या सहलीचे तिकीट काढून पॅरिसला जात; त्या तिकिटाला पासपोर्ट लागत नसे. तेथून दक्षिणेस, आणि मग रात्रीच्या काळोखात, पायांत दोराच्या तळव्यांच्या चपला घालून, पिरेनीज पर्वत पायी ओलांडायचा. बोलायचे नाही, विडी ओढायची नाही. पहाटे पलीकडे स्पेन दिसे.

हुद्दार का गेले? त्यांच्या मनात शिरून मी काही सांगू इच्छीत नाही. पण एवढे दिसते की, हिंदुस्थानचे स्वातंत्र्य आणि स्पेनचे स्वातंत्र्य हे दोन निराळे प्रश्न आहेत असे त्या वेळी पुष्कळांना वाटत नव्हते. जवाहरलाल नेहरू जून १९३८ मध्ये कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनाला गेले, बाँबवर्षाव चालू असलेल्या त्या शहरात राहिले आणि आघाडी पाहून आले. अलाहाबादचे डॉ. अटल स्पेनमध्ये जखमींची सेवा करीत होते. तेच पुढे चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, आणि त्या पथकात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणिसांचे नाव शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे घरोघर पोचले. त्यांच्या प्रमुखाने जो धडा आधी स्पेनमध्ये गिरवला होता, तो मात्र विस्मृतीत गेला.

*

१९३७ चा तो हिवाळा तेरुएलच्या बर्फात गेला. लढाईइतकीच माणसे थंडीने निकामी झाली. ९ मार्च १९३८ रोजी फ्रँकोने आरागॉनवर मोठी चढाई केली, आणि सरकारी आघाडी जुन्या कापडासारखी टरकन फाटली. ३१ मार्चच्या पहाटे कालासेइते गावाच्या रस्त्यावर ब्रिटिश बटालियन चालत असता समोरून रणगाडे आले. ते आपलेच असे वाटले. ते इटालियन होते. काही मिनिटांत शेकडो माणसे मेली, जखमी झाली वा पकडली गेली. पुढच्या दोन-चार दिवसांत गांदेसाच्या बाजूस जी पांगापांग झाली, तीत हुद्दारही कैद झाले.

कैद्यांना बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात नेले. स्पेनच्या वीरकाव्यातला एल सिद ज्या मठाशी जोडलेला, तोच हा. आता तिथे निरनिराळ्या देशांचे सहाशेवर कैदी दाटीवाटीने कोंबलेले. उवा, उंदीर, वाल-घेवड्याचे पातळ कालवण, आणि पहारेकऱ्यांच्या काठ्या. त्यातही या मंडळींनी वर्ग चालविले. ज्याला जे येत असेल त्याने ते शिकवावे; कोणी भाषा, कोणी गणित, कोणी इतिहास. हाताने लिहिलेले वर्तमानपत्र काढले. साबणाची आणि पावाची बुद्धिबळाची सोंगटी केली.

फ्रँकोच्या सैन्यातला मनोवैद्य वाय्येखो नाखेरा याने या कैद्यांवर एक 'संशोधन' केले. डाव्या विचारांचा माणूस जन्मतःच विकृत असतो काय, हे त्याला पाहायचे होते. म्हणून कैद्यांची डोकी मोजली, अंगे मोजली, प्रश्न विचारले. विचार पटत नाही तर विचार करणाऱ्याचे डोके मोजावे! यादवी शेवटी इथवर येते. समोरचा मनुष्य आपल्यासारखाच आहे हे एकदा मान्य केले की त्याला मारता येत नाही. म्हणून तो निराळ्या जातीचा प्राणी आहे, हे आधी सिद्ध करावे लागते.

१९३८ च्या उत्तरार्धात कैद्यांची अदलाबदल झाली आणि हुद्दार सुटून लंडनला आले. डिसेंबरात तिथल्या भारतीयांनी त्यांचा सत्कार केला. तोवर त्यांच्या ब्रिगेडची कथाही संपत आली होती. २५ जुलैला तिने एब्रो नदी ओलांडून पुन्हा त्याच गांदेसावर चाल केली होती आणि अपार हानी सोसली होती. सप्टेंबरात पंतप्रधान नेग्रिन यांनी जिनीव्हात राष्ट्रसंघापुढे जाहीर केले की, आम्ही परदेशी स्वयंसेवक परत पाठवीत आहोत. इटली आणि जर्मनी आपली माणसे काढून घेतील, अशी भोळी आशा होती. २८ ऑक्टोबर १९३८ रोजी बार्सिलोनाच्या रस्त्यांतून स्वयंसेवकांनी निरोपाचे संचलन केले; लोकांनी त्यांच्यावर फुले टाकली. १ एप्रिल १९३९ रोजी फ्रँकोने विजय जाहीर केला. पाच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश बटालियनमधून सुमारे अडीच हजार गेले, त्यांतले पाचशेहून अधिक तिथल्या मातीत राहिले.

या ब्रिगेडला सोवळी ठरवण्याचा माझा हेतू नाही. तिच्यावर रशियाच्या माणसांची पकड होती. न पटणाऱ्याला संशयाने पाहिले गेले, पळून जाणाऱ्यांना कडक शिक्षा झाल्या. सरकारी पक्षाच्या मुलखात, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, सात हजारांच्या आसपास धर्मगुरू, साधू आणि जोगिणी मारल्या गेल्या. फ्रँकोच्या पक्षाने तर युद्ध संपल्यावरही हजारोंना गोळ्या घातल्या. स्वयंसेवक मदतीला गेले म्हणून यादवी धर्मयुद्ध झाली नाही. मुसळ ते मुसळच.

*

हुद्दार नागपूरला परतले. जुन्या स्नेह्यांत त्यांचा मान होता. त्यांनी स्पेनची हकिकत तिथल्या तरुणांना सांगितली. पण त्यांची वाट आता निराळी झाली होती. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९८१ साली ते वारले. संघाच्या कथेत त्यांचे पान लहान, आणि कम्युनिस्टांच्या कथेतही लहानच. जो माणूस दोन घरांत राहिला, त्याची तसबीर कोणत्याच घराच्या भिंतीवर चढत नाही. केंटकीच्या ब्रिगेडला अनाथ म्हणत. हुद्दार एकटेच एक अनाथ ब्रिगेड होते. स्पेनने मात्र उशिरा का होईना, ऋण मानले. १९९६ मध्ये तिथल्या सरकारने हयात असलेल्या वृद्ध स्वयंसेवकांना नागरिकत्व देण्याचे ठरवले. तोवर आपला नागपूरकर जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

भिवंडीसारख्या गावात बसून मी हे का लिहितो, असे कोणी विचारील. माझे गाव मागांचे. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथले आगरी, कोळी, कोकणी मुसलमान, सगळ्यांचे धागे एकाच कापडात. तरीही मे १९७० मध्ये आणि पुन्हा मे १९८४ मध्ये या गावाने लव्हाळ्यांची मुसळे होताना पाहिली. स्पेनइतके मोठे नव्हे; पण ज्याचे घर जळते त्याला मापाचा फरक सांगून उपयोग नसतो.

त्यानंतर जे घडले ते अधिक सांगण्याजोगे आहे. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांनी, दुकानदारांनी, मागवाल्यांनी, दर काही दिवसांनी एकत्र बसायचे. अफवा उठली की तिचा माग काढायचा. आणि सणाची मिरवणूक निघाली की एकमेकांच्या बाजूने उभे राहायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांतल्या माणसांना कोणी गणवेश दिला नव्हता आणि त्यांच्यासाठी कोणत्याही शहरात निरोपाचे संचलन निघाले नाही. पण तेही स्वयंसेवकच होते.

दुसऱ्याच्या यादवीतून कापसाचा नफा काढता येतो, हे आपण १८६१ मध्ये शिकलो. तिच्यात न्यायाची बाजू निवडून जिवावर उदार होता येते, हे एका नागपूरकराने १९३७ मध्ये दाखवले. त्याला मी मनोमन नमस्कार करतो. पण माझ्या मते सर्वांत अवघड भरती तिसरी आहे: मुसळे होण्याच्या आत लव्हाळे हातातून काढून घेणाऱ्यांची. तिला पर्वत ओलांडावा लागत नाही, नाव बदलावे लागत नाही. फक्त आपल्याच गल्लीत, आपल्याच नावाने, आपल्याच लोकांसमोर उभे राहावे लागते. या भरतीला वयाची अट नाही, आणि तिची मुदतही कधी संपत नाही.